कोरियन ऐतिहासिक कादंबरी वाचायचीय? मग आधी एक वाटी भात शोधा

मला अधूनमधून कोणीतरी विचारतं की कोरियन ऐतिहासिक ड्रामे बघून झाले, आता त्या काळावरच्या कादंबऱ्या वाचायच्यात, पण वीस-पंचवीस पानं झाली की सगळी नावं सारखीच वाटायला लागतात, कोण कोणाचा काका ते कळत नाही, मधेच कुठलं तरी युद्ध येतं आणि पुस्तक उशाशी पडून राहतं. माझंही सुरुवातीला असंच व्हायचं. मग वाचता वाचता एक पद्धत सापडत गेली, ती इथे जमेल तशी सांगते.

सगळ्यात आधी हे, की राजांची यादी पाठ करत बसू नका. जोसन घराण्याचं राज्य १३९२ ते १९१० एवढं लांबलचक चाललं, त्यातले सगळे राजे लक्षात ठेवून मग कादंबरी उघडायची म्हटलं तर ती कधी उघडलीच जाणार नाही. त्याऐवजी पुस्तकातली एक वस्तू पकडायची. खाण्याची, नेसण्याची, घरातली, काहीही चालेल. तिच्या मागे मागे जायचं, ती कुठून आली, कोणाला मिळायची, कोणाला मिळायची नाही. काळ आपोआप उलगडत जातो.

माझ्या बाबतीत ती वस्तू म्हणजे भात. मिन जिन ली यांची 'पाचिंको' वाचत होते, २०१७ साली आलेली कादंबरी, बुसान शहराला लागून असलेल्या यंगदो बेटावर सुरू होते आणि पुढे चार पिढ्या जपानात जाते. त्यात सुन्जा नावाची मुलगी आहे, तिची विधवा आई घरात भाडेकरू ठेवून त्यांना जेवण घालते आणि त्यावर संसार चालवते. सुन्जाचं लग्न होतं आणि ती नवऱ्याबरोबर ओसाकाला निघणार असते, तेव्हा ही आई तांदळाच्या दुकानात जाते आणि दुकानदाराला विनवते की दोन वाट्या भात होईल एवढाच पांढरा तांदूळ दे, पोरीला जायच्या आधी घरचा भात खाऊ दे. बस्स, एवढाच प्रसंग. पहिल्यांदा वाचला तेव्हा वाटलं, गरीब आहेत म्हणून असेल. पण नुसती गरिबी नव्हती ती. जपाननं १९१० मध्ये कोरिया गिळला, १९२० पासून तिथे भाताचं पीक वाढवायची मोठी सरकारी योजना राबवली, आणि पिकलेला तांदूळ जहाजं भरभरून जपानात जायला लागला. ज्यांच्या शेतात तो पिकत होता ती माणसं बार्ली आणि मांचुरियातून आलेलं बाजरीसारखं बारीक धान्य खाऊन राहायची. म्हणजे तांदूळ डोळ्यासमोर आहे, बंदरावर पोत्यांच्या थप्प्या लागल्यात, आणि लग्नाच्या पोरीसाठी दोन वाट्या मिळवायला आईला हात जोडावे लागतायत.

हा प्रसंग मी आजीला सांगितला. आजी माण तालुक्यातली, कायम दुष्काळी भाग. ती म्हणाली, "आमच्यात तरी भात रोज कुठं होता? सणाला, नायतर पावणा आला तर. एरवी भाकरीच." आणि मग ७२ च्या दुष्काळाचं निघालं, रेशनवर मिळणारा तो लाल मिलो, त्याची भाकरी थापताना कशी तुटायची, रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायला कोण कोण जायचं, पोरांना सुकडी मिळायची ती. तासभर बोलत होती. मी तिला कधीच विचारलं नव्हतं हे. बुसानच्या बाईनं विचारायला लावलं.

तर पहिलं काम, एक वही घ्या. मोबाइलमध्ये नोट्स लिहू नका, वहीच घ्या कारण ती समोर पडलेली राहते. डाव्या पानावर पुस्तकातली वस्तू लिहायची आणि तो प्रसंग दोन ओळीत, उजव्या पानावर त्याबद्दल शोधून जे सापडेल ते आणि घरच्या मोठ्या माणसाला विचारून जे कळेल ते. एका पुस्तकाला दोन-तीन वस्तू पुरे होतात, जास्त नकोत, नाहीतर अभ्यास होऊन बसतो. आणि घरच्या माणसाला "तुमच्या काळात कसं होतं" असं मोघम विचारलं तर दोन वाक्यात उत्तर संपतं, त्यापेक्षा प्रसंगच सांगा, एका आईनं दोन वाट्या तांदूळ मागितला म्हणून सांगा आणि गप्प बसा.

आता नावांचं. इथेच बहुतेक जण अडकतात. कोरियनमध्ये आडनाव आधी आणि नाव नंतर, आणि किम, ली, पार्क ही आडनावं इतकी आहेत की आडनावावरून माणूस ओळखायला जाऊच नका, नावाचा दुसरा भाग धरा. बाई लग्नानंतर आडनाव बदलत नाही, त्यामुळे आई आणि मुलांचं आडनाव वेगळं दिसलं की घोटाळा झाला असं समजू नका. दुसरं, मोठ्यांना कोणी नावानं हाक मारत नाही, आपल्याकडे जसं आप्पा, तात्या, वैनी, माई चालतं तसंच. मोठ्या बहिणीला बहीण हाक मारणार तर 'अन्नी', भाऊ हाक मारणार तर 'नुना', म्हणजे हाक मारणारा कोण आहे त्यावर शब्द बदलतो. आणि बाई पोराच्या नावावरून ओळखली जाते, अमक्याची आई. हे मराठी माणसाला समजावून सांगायची गरजच नाही खरं तर, आपल्या वाड्यात, चाळीत निम्म्या बायका बाळ्याची आई आणि सुमीची आई म्हणूनच ओळखल्या जायच्या.

स्पेलिंगचाही एक गोंधळ आहे. २००० साली कोरियन सरकारनं इंग्रजीत नावं लिहायची पद्धत बदलली. म्हणून जुन्या पुस्तकात पुसान असेल तर नव्यात बुसान, जुन्यात चोसन तर नव्यात जोसन. गाव तेच, घराणं तेच. वहीच्या शेवटच्या पानावर अशा जोड्या लिहून ठेवल्या की निम्मा त्रास जातो. ज्यांना जमेल त्यांनी सरळ हंगुल शिकून घ्या, २४ मूळ अक्षरं आहेत, व्यंजनाला स्वर जोडून एक चौकोनी अक्षर बनतं, बाराखडी गिरवलेल्या माणसाला दोन-चार दिवसात वाचता येतं. सेजोंग राजानं १४४३ मध्ये ही लिपी तयार केली आणि १४४६ मध्ये लोकांसाठी जाहीर केली.

आणि राजांबद्दल लक्षात ठेवायचं ते एवढंच, की सेजोंग, यंगजो ही नावं राजा मेल्यानंतर दिलेली असतात. सेजोंगचं जन्माचं नाव ई दो. त्यामुळे एखाद्या कादंबरीत दरबारी माणूस जिवंत राजाला तोंडावर सेजोंग म्हणताना दिसला तर लेखकानं नीट अभ्यास केलेला नाही असं समजायला हरकत नाही. राजाच्या नावाच्या शेवटी 'जो' किंवा 'जोंग' असेल तर तो रीतसर राजा, 'गुन' असेल तर गादीवरून खाली ओढलेला, जसे यन्सानगुन आणि क्वांगहेगुन. नुसत्या शेवटच्या अक्षरावरून पुढे काय वाढून ठेवलंय ते कळतं.

सालांची गंमत मला खूप उशिरा कळली आणि कळल्यावर फार आनंद झाला. पुस्तकात 'इम्जिन युद्ध', 'गाबो सुधारणा' असे शब्द येतात, मला वाटायचं ही माणसांची किंवा गावांची नावं असतील. ती सालांची नावं आहेत! आपल्याकडे पाडव्याला पंचांगात अमुक नाम संवत्सर येतं ना, साठ वर्षांचं चक्र, तसंच तिकडेही साठ वर्षांचं चक्र आहे आणि प्रत्येक वर्षाला नाव आहे. इम्जिन म्हणजे १५९२, जपाननं चढाई केली ते साल, ते युद्ध १५९८ पर्यंत चाललं. ब्यंगजा म्हणजे १६३६, मांचू फौजा आल्या आणि राजा नामहानसानसंग किल्ल्यात ४७ दिवस अडकून पडला. गाबो म्हणजे १८९४, तेव्हा कायद्यानं जातीसारख्या जन्मजात पायऱ्या आणि गुलामी रद्द झाली. साठ वर्षं पूर्ण झाली की चक्र फिरून जन्मसालावर येतं, म्हणून साठीचा मोठा सोहळा, आपल्या षष्ट्यब्दीसारखाच. वयाचंही ध्यानात ठेवा, जुन्या हिशोबात बाळ जन्मतःच एक वर्षाचं आणि नवीन वर्ष लागलं की आणखी एक, म्हणून पुस्तकात पंधरा लिहिलेला मुलगा आपल्या हिशोबानं तेरा-चौदाचाच असू शकतो. लहान वयातली लग्नं, लढाया वाचताना हे आठवलं की पोटात कालवतं.

घर समजून घ्या, हे माझं सगळ्यात आवडतं. कोरियन घराची जमीन खालून तापवलेली असते, तिला ओंदोल म्हणतात. स्वयंपाकघरातल्या चुलीचा धूर आणि धग जमिनीखालच्या पोकळीतून खोलीभर फिरते आणि पलीकडच्या धुराड्यातून बाहेर पडते. आता चुलीजवळची जागा जास्त तापणार, लांबची कमी. चुलीजवळच्या त्या उबदार जागेला 'आरेनमोक' म्हणतात आणि ती घरातल्या म्हाताऱ्यांची, पाहुण्यांची. लांबची थंड बाजू धाकट्यांची. एकदा हे कळलं की कादंबरीतला थंडीतला कुठलाही प्रसंग वेगळाच दिसतो. सून दाराकडच्या गार बाजूला बसली, सासूनं तिला "इकडे ये" म्हणून चुलीकडच्या बाजूला बसवलं, लेखकानं एवढंच लिहिलेलं असतं आणि तेवढ्यात अख्खं भांडण मिटलेलं असतं. ज्यांना हे माहीत नाही ते ती ओळ ओलांडून पुढे जातात. म्हणून पुस्तक सुरू करताना हानोक, म्हणजे पारंपरिक घर, त्याचा एक नकाशा शोधून वहीत काढून ठेवा, बायकांची बाजू कुठली, पुरुषांची बैठक कुठली, लोणच्या-किमचीचे मोठे मातीचे रांजण कुठे ठेवायचे. किमचीवरून आठवलं, लाल तिखट किमची जुन्या काळात शोधू नका, मिरची तिकडे १६०० च्या आसपास पोचली, आपल्याकडेही पोर्तुगीजांबरोबरच आली की. पंधराव्या शतकातल्या दरबारात लाल किमची वाढली असेल तर तेवढं लेखकाच्या पदरात टाकून पुढे वाचा.

खरं किती आणि रचलेलं किती, हा प्रश्न तर पडतोच. त्याला चांगला उपाय आहे. जोसनच्या राजांची रोजनिशीवजा बखर आहे, सिल्लोक म्हणतात, पहिल्या राजापासून २५ राजांची, ४७२ वर्षांची. १९९७ मध्ये युनेस्कोनं जागतिक स्मृतीच्या यादीत घेतली. ती सगळी ऑनलाइन फुकट आहे, कोरियनमध्ये आहे पण ब्राउझरच्या भाषांतरावर अंदाज येतो. आपल्या बखरींपेक्षा वेगळी अशी गोष्ट म्हणजे राजाला स्वतःबद्दल काय लिहिलंय ते बघायची परवानगी नव्हती. १४०४ मध्ये थेजोंग राजा शिकारीत घोड्यावरून पडला, उठून इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाला की इतिहासकाराला हे कळू देऊ नका. आणि हेही लिहून ठेवलंय, तो असं म्हणाला म्हणून! मी ती नोंद वाचली तेव्हा अंगावर काटा आला, सहाशे वर्षांपूर्वीचा एक माणूस कपडे झटकत उभा राहिलेला दिसला. १५९२ च्या युद्धात या बखरीच्या चार प्रतींपैकी तीन नष्ट झाल्या, जंजू गावातली एक वाचली, कारण आन उइ आणि सोन होंगरोक या दोन म्हाताऱ्या विद्वानांनी ती नेजांगसान डोंगरात नेऊन लपवली आणि राखत बसले. आज जे काही वाचतोय ते त्यांच्यामुळे. कादंबरी वाचून झाल्यावर (आधी नको, मजा जाते) त्यातला एखादा प्रसंग तिथे शोधून बघा.

पण बखरीत नसतं ते जास्त महत्त्वाचं असतं कधीकधी. १७६२ मध्ये यंगजो राजानं स्वतःच्या मुलाला, युवराज सादोला, तांदूळ साठवायच्या लाकडी पेटीत कोंडलं आणि आठ दिवसांनी तो त्यातच गेला. पुढे सादोचा मुलगा जंगजो गादीवर यायच्या सुमारास त्यानं आजोबांना विनंती करून दरबारच्या रोजच्या नोंदींमधून त्या प्रकरणाची पानं पुसून घेतली. मग आपल्याला आतलं एवढं कसं कळतं, तर सादोच्या बायकोमुळे. हेग्यंग, तिनं म्हातारपणी, १७९५ ते १८०५ मध्ये, चार वेळा बसून हे सगळं हंगुलमध्ये लिहिलं. नवरा गेला तेव्हा तिचं वय २६, लिहायला बसली तेव्हा साठ. तिच्या आठवणी इंग्रजीत आहेत. या विषयावरची कुठलीही कादंबरी वाचणार असाल तर तिचं लिखाण शेजारी ठेवा, आणि लक्षात ठेवा की तिलाही माहेरच्या माणसांची बाजू मांडायची होती, म्हणजे तीही एक बाजूच आहे. तरी त्यातली नवऱ्याला कपडे घालतानाची भीती, तो एकेक जोड कसा नाकारायचा, जाळायला लावायचा, हे दुसऱ्या कोणाला लिहिता आलं नसतं.

एक धागा मराठी वाचकानं मुद्दाम धरावा असं मला मनापासून वाटतं. कोरियात खाटकाचं काम करणाऱ्यांना बेकजंग म्हणायचे आणि ते समाजाच्या अगदी तळाशी होते, वेगळी वस्ती, पोरांना शाळेत घेईनात, कपड्यांवर बंधनं. १८९४ मध्ये कायदा झाला पण गावात काही बदललं नाही. मग १९२३ मध्ये जिंजू शहरात त्यांनी ह्यंगप्यंगसा नावाची संघटना काढली, त्या नावात तराजू आहे, मांस तोलायचा तराजू, ज्याची दोन्ही पारडी समान असतात. त्यानंतर चारच वर्षांनी, १९२७ मध्ये, आपल्याकडे महाडचं चवदार तळं. दोघांना एकमेकांची खबर होती असं माझ्या तरी वाचनात नाही. पार्क क्यंग-नी यांची 'तोजी', म्हणजे 'भूमी', ही महाकादंबरी १८९७ ते १९४५ चा काळ घेते, त्यांनी ती १९६९ ते १९९४ अशी २५ वर्षं लिहिली, तिच्यात हा धागा येतो. इंग्रजीत सुरुवातीचे भाग मिळतात, तेवढेही वाचले तरी हादोंगच्या त्या खेड्यात राहून आल्यासारखं वाटतं. दलित आत्मकथनं वाचलेला माणूस हे पुस्तक नुसता राजवाडा आणि रेशीम शोधत वाचणार नाही.

क्रम विचाराल तर मी उलटा सांगेन, जवळच्या काळातून मागे जा. विसाव्या शतकावरचं आधी, कारण ती माणसं आपल्या आजी-आजोबांच्या वयाची आहेत, मग जोसन. हान कांग यांची पुस्तकं मात्र सुरुवातीलाच घेऊ नका, दोन-तीन पुस्तकं पचल्यावर घ्या. ग्वांगजूच्या मे १९८० च्या उठावावरचं त्यांचं पुस्तक इंग्रजीत 'ह्यूमन ॲक्ट्स' नावानं आहे, एक शाळकरी मुलगा प्रेतांची नोंद ठेवायचं काम करतो आणि त्याच्याशी 'तू' म्हणून बोललेलं पहिलं प्रकरण आहे. जेजू बेटावर ३ एप्रिल १९४८ ला सुरू झालेल्या उठावावरचं आणि मग अनेक वर्षं चाललेल्या कत्तलीवरचंही त्यांचं पुस्तक आहे, तिथे २५ ते ३० हजार माणसं गेली असा अंदाज आहे, बेटाच्या दहातला एक. ही पुस्तकं रात्री झोपताना वाचू नका, दिवसा, एका बैठकीत एकच प्रकरण, आणि वाचून झालं की पाय मोकळे करून या. यात वस्तू शोधायची गरज पडत नाही, एक मेणबत्ती पुरते, वाचाल तेव्हा कळेल.

आणि उत्तर-दक्षिण कोरियातल्या युद्धावरचं एक नक्की. चोइ इन-हुन यांची 'द स्क्वेअर', १९६० ची, छोटीच आहे. नायक युद्धकैदी आहे, उत्तरही नको आणि दक्षिणही नको म्हणून तिसरा तटस्थ देश निवडतो, आणि कादंबरीभर तो 'टागोर' नावाच्या भारतीय जहाजावर आहे. हे नाव वाचून मी थांबले आणि शोधत गेले. लढाई जुलै १९५३ मध्ये थांबली तेव्हा घरी परत जायला नकार देणाऱ्या २२ हजारांहून जास्त कैद्यांचा सांभाळ भारतीय फौजेकडे आला, आणि त्या फौजेचे प्रमुख होते आपल्या कोल्हापूरकडचे, वडगावचे, मेजर जनरल शंकरराव थोरात. दक्षिणेचे अध्यक्ष सिंगमन री भारतीय जवानांना आपल्या जमिनीवर पाय ठेवू देईनात, म्हणून जहाजावरून हेलिकॉप्टरनं त्यांना थेट उत्तर आणि दक्षिणेच्या मधल्या पट्ट्यात उतरवलं. शेवटी १९५४ च्या फेब्रुवारीत ८८ कैदी, त्यातले ७६ कोरियन, खरोखरच आपल्या फौजेबरोबर जहाजानं मद्रासला आले. थोरातांनी आत्मचरित्र लिहिलंय, ते आणि ही कादंबरी एकत्र वाचायला घ्या, एकाच काटेरी कुंपणाच्या दोन बाजू आहेत. आणि तुमच्या घरात, गावात कोणी फौजेत होतं का, कोरियाला जाऊन आलेलं कोणी ऐकिवात आहे का, तेही विचारून बघा. आमच्याकडे विचारल्यावर आजी म्हणाली की शेजारच्या गावचा एक माणूस "लांब थंडीच्या देशात" जाऊन आला होता आणि येताना पितळेचा चमचा घेऊन आला होता, लांब दांड्याचा, चपटा. तो कोरियाचाच असेल का ते मला अजून कळलेलं नाही, पण वहीत डाव्या पानावर लिहून ठेवलंय, उजवं पान मोकळं सोडलंय.